घरातलं पाचवं मत

पत्राचा गोषवारा: लेखिका इंदूरच्या, वय ४६, माहेर जळगावचं. सासरे, सासूबाई, नवरा, दीर आणि त्या स्वतः अशी घरात पाच मतं. मुलगा नुकताच अठराचा झाला. सासरे, म्हणजे अप्पा, एका पक्षाचं बूथचं काम हौसेनं करतात आणि मतदानाच्या आदल्या रात्री जेवताना 'आपल्या घरची मतं' कुठे जाणार ते सांगतात. २०२४ च्या लोकसभेला यांनी पहिल्यांदाच ते ऐकलं नाही, नोटाचं, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'चं, बटन दाबलं. घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, "बरोबर दिलंस ना?" या म्हणाल्या, "हो." निकालानंतर अप्पांनी बूथवार आकडे मिळवले आणि चहा घेता घेता नोटाचा आकडा वाचून म्हणाले, "हे कोण करंटे आपल्या गल्लीत?" यांच्या हातून साखरेचा चमचा बशीत पडला. आता मुलगा मतदार यादीत नाव घालायला तयार नाही. म्हणतो, "दोन लाख लोकांनी नोटा दाबलं, काय झालं?" त्या दोन लाखांत आपली आई आहे हे त्याला ठाऊक नाही. त्यातच यादीच्या पुनरीक्षणात माहेरच्या आणि सासरच्या नावाचा मेळ घालताना यांच्या नाकी नऊ आले. विचारतात: मत वाया घालवलं का? घरी खोटं बोलले ते सांगून टाकू का? मुलाला काय सांगू? आणि नाव कटेल का?

पत्राखाली तुम्ही नावाऐवजी लिहिलंय, 'घरातलं पाचवं मत'. मी बराच वेळ तिथेच अडले. पाचवं कसं? मोजायला अप्पांनी स्वतःपासून सुरुवात केली म्हणून पाचवं. तुम्ही स्वतःपासून मोजलं असतं तर अप्पा पाचवे आले असते. घरची मतं, गल्लीची मतं, समाजाची मतं, हे शब्द आपल्या तोंडात इतके बसलेत की टोचतच नाहीत. दर निवडणुकीला कुणीतरी येऊन इंदूरची 'मराठी मतं' मोजून जातं आणि आपणही गणपतीच्या मांडवात, सत्काराचा नारळ हातात घेऊन, खुशाल मोजून घेतो. अप्पांनी तेच ताटावर केलं, एवढंच.

शाळेत शिकवत होते तेव्हा मी निवडणुकीची ड्यूटी चार-पाच वेळा केली. नेहरू स्टेडियमवरून सामान घ्यायचं, बसमध्ये मशीन सांभाळत केंद्रावर पोचायचं, रात्री वर्गातल्या बाकांवर पाठ टेकायची, पहाटे पक्षांच्या एजंटांसमोर निदान पन्नास मतांचं मॉकपोल, म्हणजे चाचणी मतदान, करायचं. एका वर्षी मी तिसरी मतदान अधिकारी होते. म्हणजे शाई लावून झालेल्या मतदाराची चिठ्ठी घ्यायची आणि कंट्रोल युनिटचं बटन दाबून त्याच्यासाठी मशीन सुरू करून द्यायचं. एक जोडपं आलं, साठीच्या पुढचं. नवऱ्याचं मत झालं. बायको पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली तरी हा जागचा हलेना. तिथूनच म्हणाला, "वरून तिसरं गं." केंद्राध्यक्षांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं, त्यावरून थोडं वाजलंही. बाई शांत उभ्या होत्या. नवरा दाराबाहेर जाईपर्यंत थांबल्या, मग वाकल्या. मागची रांग चुळबुळायला लागली इतका वेळ वाकलेल्याच होत्या. मग ती लांबलचक बीप वाजली. बाहेरून आवाज आला, "इतका वेळ?" बाई म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

त्यांनी कुणाला मत दिलं मला माहीत नाही. वरून तिसरंच दिलं असेल, कदाचित.

तुमचं 'हो' त्या चष्म्याच्याच जातीचं आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ९४ काय म्हणतं ते एकदा वाचा: कुणाला मत दिलं हे सांगायला कुणालाही भाग पाडता येत नाही, साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं केलेल्या माणसालाही नाही. न्यायाधीशाला जे विचारायची मुभा नाही ते तुम्हाला चपला काढता काढता विचारलं गेलं. खोटं तुम्ही बोललात, हे खरं. पण मुळात प्रश्नच विचारण्याजोगा नव्हता. म्हणून झाल्या गोष्टीची कबुली द्यायला मी सांगणार नाही. कबुली म्हणजे दोन वर्षांनंतर का होईना, त्या प्रश्नाचं उत्तर देणंच झालं. पुढच्या वेळचं मात्र बदला. "अप्पा, मत देऊन आले. कुणाला ते नाही सांगणार." एवढंच, हसून, आणि लगेच चहा टाकायला आत जायचं. मतदानाच्या दिवशीच हे पहिल्यांदा बोलू नका. आधीच, काही नसताना, कधीतरी सहज बोलून ठेवा. बूथवर काम केलेला माणूस आहे, गुप्त मतदान म्हणजे काय हे अप्पांना तुमच्या-माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. ते घराला लागू आहे असं त्यांच्या मनात आलेलं नाही, बस्स. तुमच्या पत्रातल्या एका ओळीवरून मला ते माणूस म्हणून आवडलेही: गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना ते रिक्षा करून केंद्रावर नेतात, मग त्या मत कुणालाही देवोत. त्या बायकांना दिलेली सवलत सुनेलाही मिळावी, इतकंच मागायचंय.

इथे थोडं थांबून इतर वाचकांसाठी. ज्या घरात 'सांगणार नाही' म्हटलं की हात उगारला जातो, तिथे हा बाणेदारपणा नको. तिथे बिनदिक्कत 'हो' म्हणा आणि मनाला लावून घेऊ नका.

तुमची दुसरी धाकधूक: बूथच्या आकड्यांवरून अप्पांना कळेल का? नाही. केंद्रवार निकाल फॉर्म २० मध्ये जाहीर होतात, अप्पांकडे आले ते तेच. त्यात केंद्राची बेरीज असते, माणूस नसतो. केंद्रावरच्या नोंदवहीत तुमचा यादीतला क्रमांक आणि सही असते, मत नसतं. मताची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे सात सेकंद दिसलेल्या चिठ्ठीवर मत असतं, नाव नसतं. पण गल्लीचा कल कळतो, ही गोष्ट साधी नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळता येत. मशीन आल्यावर ते गेलं. केंद्रांची बेरीज एकत्रच दाखवणारं टोटलायझर नावाचं यंत्र वापरावं असं निवडणूक आयोग २००८ पासून सुचवत आला आहे, अजून झालेलं नाही. 'करंटे कोण' असा प्रश्न चहावर विचारता येतो तो त्यामुळे. तुमच्या घरी त्यानं चमचा पडला. जिथे पाण्याचा टँकर कुठल्या गल्लीत आधी पाठवायचा हे त्या आकड्यांवर ठरतं, तिथे चमच्यावर भागत नाही.

आता वाया गेलं का? यावर मी तुम्हाला गोड उत्तर देणार नाही.

२९ एप्रिल २०२४, इंदूर लोकसभेसाठी अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि भाजपची वाट धरली. पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद झालेला, त्यामुळे दुसरा माणूस देता आला नाही. १३ मे ला मतदान झालं. भाजपचे शंकर लालवानी १२,२६,७५१ मतं घेऊन ११,७५,०९२ च्या फरकानं निवडून आले. नोटाला २,१८,६७४. त्याआधीचा नोटाचा विक्रम बिहारच्या गोपालगंजचा, २०१९ चा, ५१,६६०. म्हणजे आपण तो चौपटीनं मोडला. इंदूरला कशात ना कशात पहिला नंबर लागतोच! पण कायद्याच्या हिशेबात या सगळ्याचं मोल शून्य. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. अनामत वाचली की गेली हे ठरवतानाही नोटा धरत नाहीत.

शिवाय नोटा मुकं आहे. काँग्रेसनं तेव्हा स्वतःच नोटा दाबायचं आवाहन केलं होतं. त्यामुळे त्या आकड्यात पक्षाचे निष्ठावंत आहेत, सगळ्याच पक्षांवर चिडलेले आहेत, 'आमची निवड हिरावली' म्हणून दुखावलेले आहेत आणि जेवणाच्या ताटावरचा हुकूम पहिल्यांदा मोडणाऱ्या तुम्हीही आहात. बेरीज एकच, कारणं कुणी लिहून ठेवली नाहीत. पत्रात तुम्ही लिहिलंय, "मी त्यांना दाखवून दिलं." कुणाला? अप्पांना तर कळू दिलं नाही. उमेदवारांना तुम्ही ठाऊकच नाही. मला वाटतं, तुम्ही स्वतःला दाखवून दिलं, आणि बावीस वर्षांनी का होईना ते फार गरजेचं होतं. फक्त त्याला राजकारण म्हणण्याआधी मी जरा थांबेन.

आणखी एक टोचणारा प्रश्न. त्या मशीनवर विजयी उमेदवाराशिवाय डझनभर नावं होती. त्यातल्या किती जणांची शपथपत्रं तुम्ही उघडून पाहिलीत? गुन्हे, मालमत्ता, शिक्षण, सगळं त्यात असतं, सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर ते सक्तीचं झालं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतं. 'वरीलपैकी कोणीही नाही' म्हणायला वरचे वाचलेले असावे लागतात. पुढच्या वेळी वाचा, आणि मग खुशाल नोटा दाबा.

तरी एका कारणासाठी मला नोटाबद्दल माया आहे, आणि ते कारण तुमच्याच गोष्टीतलं आहे. आधी कुणालाही मत द्यायचं नसेल तर नियम ४९-ओ खाली केंद्राध्यक्षांना तसं सांगून नोंदवहीत सही करावी लागे. म्हणजे खोलीतल्या साऱ्यांना कळे. २७ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की यात गुप्तता मोडते. नकारही गुप्त राहिला पाहिजे. त्यातून नोटाचं बटन आलं आणि त्याच वर्षाअखेरीच्या विधानसभांना, आपल्या मध्य प्रदेशातही, पहिल्यांदा वापरलं गेलं. उमेदवार बदलायचं सामर्थ्य त्या बटनात कधीच नव्हतं. अप्पांना कळू न देता 'नाही' म्हणायची सोय मात्र होती आणि तुम्ही ती नेमकी तशीच वापरलीत. सुरतकरांना त्याच निवडणुकीत तेही मिळालं नाही. तिथे एकच उमेदवार उरला, तो बिनविरोध, मतदानच नाही.

मुलाकडे येते. त्याचा प्रश्न तुम्ही आळस म्हणून लिहिलाय. मला तो आळस वाटत नाही. भंवरकुव्याच्या कोचिंगमध्ये दिवसभर 'याचे गुण किती, त्याचे किती' ऐकणारा पोरगा आहे, नोटाचे गुण किती हे त्यानं बरोबर काढलं. दुसरं म्हणजे त्यानं लहानपणापासून पाहिलंय काय, तर आदल्या रात्री मतं वाटली जातात. नाव घातलं की तो सहावं मत होणार. कोण घालेल?

तेव्हा 'देशाचं कर्तव्य' वगैरे त्याला ऐकवू नका. "काय झालं?" याला "काही नाही झालं, आकडा झाला" हेच खरं उत्तर आहे, ते द्या. मग त्याला अनुपपूरची गोष्ट सांगा. आपल्या राज्यात नगरपालिकेच्या अध्यक्षाला परत बोलवायची तरतूद आहे. आधी तीन-चतुर्थांश पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, मागणी करायची, मग लोकांचं मतदान, आणि चिन्हं दोनच: भरी कुर्सी, खाली कुर्सी. २००१ साली अनुपपूरच्या लोकांनी खरोखर खुर्ची रिकामी करवली. हे बटन मुकं नव्हतं. पण त्यासाठी आधी पार्षदांच्या मागे लागणारी, सह्या गोळा करणारी माणसं लागली. त्याला ही गोष्ट आवडेल असं मला उगीचच वाटतं.

तो अजून लोकसभेतच अडकलाय, जिथे त्याचं मत पंधरा-सोळा लाखांतलं एक. आपल्या नगर निगमचे वॉर्ड पंच्याऐंशी. मागची निवडणूक जुलै २०२२ ला झाली, महापौरही थेट लोकांनी निवडला, म्हणजे पुढची पाळी २०२७ ची. तिथे दोन-चार गल्ल्यांनी निकाल फिरू शकतो, आणि निवडून आलेला माणूस पोहे खाताना कोपऱ्यावर सापडतो. (सापडते म्हणायला हवं, निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण भेटायला गेलं की बोलतो तो 'पार्षद पती', आणि ते ताटावरच्या मतवाटपाचंच थोरलं भावंड आहे.) नाव नोंदवायला अठरा पूर्ण धरायच्या आता वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. फॉर्म ६, मोबाईलवर भरता येतो. त्यानं भरला नाही तर मागे लागू नका. त्यापेक्षा त्याच्या क्लासच्या रस्त्यावरचा बंद दिवा नगर निगमच्या ३११ या तक्रारींच्या ॲपवर टाकायला सांगा, आणि तरी पेटला नाही तर पार्षदांकडे लेखी अर्ज घेऊन दोघं मिळून जा. मतदार नसलेल्याच्या अर्जाकडे ते कसे बघतात हे त्याला आपसूक कळेल.

त्याला तुमचं गुपित सांगायचं का? गुप्तता तुमची आहे, म्हणून ती उघड करायचा हक्कही तुमचाच. कायदा तुम्हाला गप्प बसायला लावत नाही, बोलायला लावत नाही इतकंच. मी तुमच्या जागी असते तर सांगितलं असतं, पण घरात नाही. राजवाड्यापर्यंत स्कूटरवर मागे बसून जाताना, वगैरे. तो रागाच्या भरात आजोबांसमोर बोलून जाईल ही तुमची भीती खोटी नाही. अठराव्या वर्षी तोंडावर ताबा नसतो. म्हणून आधी अप्पांशी ते 'सांगणार नाही'चं वाक्य बोलून घ्या. मग फुटलं तरी फार काही फुटणार नाही.

राहिलं नाव. पत्रात तुम्ही हे शेवटी, जागा उरली म्हणून लिहिलंत. माझ्या मते पहिलं हेच होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं आणि जुन्या यादीशी नातं दाखवायची वेळ आली. जुन्या यादीत तुम्ही जळगावात, माहेरच्या नावानं. इथे सासरच्या नावानं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव मतदार कार्डावर आलं आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरची मुलगी वेगळीच ठरली. बीएलओनं, म्हणजे यादी तपासायला घरी येणाऱ्या बूथ अधिकाऱ्यानं, विचारलं, "ये दोनों आप ही हो?" तुम्ही लिहिलंय, क्षणभर मलाच खात्री वाटेना.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली होती. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच लिहवलं. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते; असं नाव चालणार नाही यावर ते अडून बसले. ज्या राज्यांत हे सर्वाधिक घडलं त्यांत आपलं तेव्हाचं मध्य भारतही होतं. त्या २८ लाखांत इंदूरच्या किती होत्या कोण जाणे. आपल्या आज्या, पणज्या असतील. नाव सांगायला लाजलेल्या.

तुमचं नाव असं कटणार नाही. नोटीस दिल्याशिवाय आणि तुमचं ऐकून घेतल्याशिवाय ते काढता येत नाही. नोटीस आलीच तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, दोन्ही नावं असलेला एखादा कागद आणि आई-वडिलांच्या नोंदीची प्रत घेऊन जा, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. निर्णय विरोधात गेला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही जमलं तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. नगर निगमच्या निवडणुकीची यादी राज्य निवडणूक आयोगाची, वेगळी असते. २०२७ आधी तीही पाहून घ्या, फक्त लोकसभेची बघून निर्धास्त राहू नका.

दुरुस्तीसाठी फॉर्म ८ आहे. माहेरचं नाव परत लावायचं, सासरचं ठेवायचं, की दोन्ही, हे मी सांगणार नाही, अप्पांनीही सांगू नये. जे ठरवाल ते आधी आधारवर तसंच आहे ना बघा, नाहीतर पुन्हा हाच घोळ. आणि फॉर्म भरताना मोबाईल नंबर तुमचा द्या. तुमच्या घरी सगळ्यांच्या कागदांवर अप्पांचाच नंबर आहे, असं तुम्हीच लिहिलंय; ओटीपी विचारायला पुन्हा त्यांच्या खोलीत जावं लागेल.